पाण्याच्या भरवशावर

मोटारीचं वजन चाकांवर कशानं तोलायचं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक कारखान्यांनी पोलादात शोधलं. पाटे असोत, स्प्रिंगा असोत की टॉर्शन बार, भार धातूनं पेलायचा आणि त्याची उसळी आवरायला शॉकअप लावायचे, ही रूढ रीत. आपल्या ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. पद्मिनीला पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटेच. नाक्यावरच्या मिस्त्रीला दोघींचा स्वभाव तोंडपाठ असे. पाटा तुटला तर हायवेवरचा लोहारसुद्धा गाडी घरी पोचेल इतपत उभी करून द्यायचा.

ऑगस्ट 1962 मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं मॉरिस 1100 ही गाडी बाजारात आणली आणि ही रीत मोडली. (त्या कंपनीलाही तिकडे बीएमसीच म्हणत. मुंबईकर वाचकानं दचकू नये. खड्डे एवढाच दोघींमधला समान विषय.) या गाडीचा मुख्य भार पोलादी स्प्रिंगांवर नव्हता आणि तिला शॉकअपही नव्हते. चार कोपऱ्यांत रबरी स्प्रिंग बसवलेले चार पोलादी डबे, आणि पुढच्या डब्याला मागच्या डब्याशी जोडणारी पाण्यानं भरलेली नळी. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1964 मध्ये, हीच यंत्रणा मिनीत आली. तिचं नाव हायड्रोलास्टिक. प्रस्तुत पुस्तिका तिच्या देखभालीविषयी आहे. दाखले बहुतेक मिनीचे घेतले आहेत, कारण जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांच्या हाती याच घराण्यातली मिनी अधिक लागते.

देखभालीच्या पुस्तिकेला एवढी लांबलचक प्रस्तावना कशाला, असं कोणी विचारील. कारण असं की, या यंत्रणेबद्दल जे गैरसमज आहेत ते पाना हातात घेण्याआधीच नुकसान करतात. ‘गळते’, ‘भरवशाची नाही’, ‘काढून टाका आणि रबरी कोन बसवा’ हा सल्ला मिनीवाल्यांच्या बैठकीत हमखास मिळतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हायड्रोलास्टिक नाजूक नव्हती. तिला रोजची देखभाल लागू नये, असाच तिचा बेत होता, आणि तो इतका यशस्वी झाला की ती सांभाळायची कशी हे गॅरेजवाले शिकलेच नाहीत. तेल बदलायला गाडी सहा महिन्यांनी येते. दहा वर्षं ज्या भागाकडे पाहावं लागत नाही, त्याची विद्या कोण राखून ठेवणार?

यंत्रणेचा जनक ॲलेक्स मोल्टन (1920–2012). माणूस रबराच्या घराण्यातला. त्याचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनाइज्ड रबराचे नमुने अमेरिकेतून इंग्लंडात आणले आणि 1848 साली विल्टशरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी कापडाच्या जुन्या गिरणीत रबराचा कारखाना काढला. रबर भार किती पेलतं, दाबल्यावर आणि पिळल्यावर कसं वागतं, किती वर्षांनी बसतं, हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं जात होतं. छोट्या चाकांची, रबरी सस्पेन्शनची मोल्टन सायकल ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा माणूस वेगळ्या ओळखीनं ठाऊक असेल. तीही 1962 चीच.

दुसरा माणूस ॲलेक इसिगोनिस. जन्म 1906, गाव स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर. गणिताच्या परीक्षेत तीनदा नापास, पण हातात पेन्सिल आली की गाडीचा नकाशा कागदावर उतरे. 1952 ते 1955 तो ॲल्विस कंपनीत होता. तिथल्या एका मोठ्या गाडीसाठी पुढची-मागची चाकं द्रवानं जोडण्याची कल्पना त्यानं आणि मोल्टननं मिळून रेटली. ती गाडी खर्चापायी रद्द झाली, कल्पना मात्र दोघांनी सोडली नाही. सुएझच्या पेचप्रसंगानंतर पेट्रोलची टंचाई आली आणि बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना इसिगोनिसकडून लहान गाडी तातडीनं हवी झाली. मिनी 26 ऑगस्ट 1959 ला जगासमोर आली: दहा फूट लांबी, दहा इंची चाकं, आडवं बसवलेलं इंजिन आणि त्याच्याच पोटात गिअरबॉक्स. द्रवाची यंत्रणा तोवर तयार झाली नव्हती. म्हणून मोल्टनचेच रबरी कोन लावून काम भागवलं गेलं. आज मिनीचे शौकीन कोनवाल्या गाडीला ‘कोरडी’ आणि हायड्रोलास्टिकवाल्या गाडीला ‘ओली’ म्हणतात. या पुस्तिकेतही मी तेच शब्द वापरले आहेत.

आता ओल्या गाडीच्या पोटात काय घडतं ते पाहू. चारही चाकांपाशी डिस्प्लेसर नावाचा एकेक बंद डबा असतो. मिनीत पुढचे दोन उभे, सबफ्रेमच्या बुरुजांत. मागचे दोन आडवे, मागच्या सबफ्रेममध्ये. डब्याच्या डोक्यात जाड रबराची स्प्रिंग पोलादाला चिकटवलेली असते. तळाशी निमुळता पिस्टन आणि त्याला धरून लवचीक पडदा. चाक वर उचललं गेलं की आर्म पिस्टनला आत ढकलतो, पडद्याखालचा द्रव मधल्या झडपांतून वर सरकतो आणि रबराला फुगवतो. त्या झडपांच्या छिद्रांतून वाट काढताना द्रवाची जी दमछाक होते तेच शॉकअपचं काम. वेगळा शॉकअप लागत नाही तो यामुळे.

पण खरी करामत नळीत आहे. डाव्या बाजूचा पुढचा डबा डाव्या बाजूच्या मागच्या डब्याला जोडलेला, उजवीकडे तसंच. डावी-उजवीचा एकमेकींशी संबंध नाही. पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर चढलं की तिथला काही द्रव नळीतून मागे जातो आणि गाडीची मागची बाजू उचलतो. कावडीचं एक टोक दबलं की दुसरं वर यावं तसं. परिणामी नाक वर आणि शेपूट खाली असं हेलकावणं कमी होतं, गाडी आडवीच्या आडवी थोडी उचलली जाते आणि बसणाऱ्याचं डोकं पुढेमागे डुलत नाही. आखूड गाडीला या डुलण्याचा त्रास सर्वांत जास्त. मिनीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर जेमतेम ऐंशी इंच.

वळणावर मात्र चित्र बदलतं. गाडी डावीकडे वळताना उजवीकडची पुढची आणि मागची दोन्ही चाकं एकाच वेळी दाबली जातात. दोन्ही डबे एकाच वेळी द्रव बाहेर ढकलू पाहतात, त्याला जायला जागाच नसते, आणि सगळा भार रबरावर येतो. म्हणून खड्ड्यात मऊ असणारी तीच यंत्रणा वळणावर कडक होते. यात पंप नाही, इंजिनकडून शक्ती घेणं नाही, विजेची तार नाही. सिट्रोएननं 1955 च्या डीएसमध्ये द्रव आणि वायू वापरून गालिच्यासारखी चाल मिळवली होती, पण तिला सतत चालणारा पंप आणि नळ्यांचं मोठं जाळं लागे. मोल्टनचा डाव साधा: एकदा भरा, बंद करा, विसरा.

यंत्रणा चालू आहे की नाही हे पाहायला कोणतंच उपकरण लागत नाही. ओली मिनी सपाट जागी उभी करा, पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकवून अंगाचा भार टाका, आणि नजर त्याच बाजूच्या मागच्या चाकावर ठेवा. मागचा कोपरा थोडा वर येतो. हात काढला की परत खाली बसतो. एका हेलकाव्यात थांबतो, झुलत राहत नाही. झुलत राहिला तर आत हवा शिरली आहे असं समजावं. द्रव दबत नाही, हवा दबते, आणि झडपांतून हवा विनासायास निसटून जाते.

डब्यांत काय भरलेलं असतं याविषयी भलत्या कल्पना आहेत. ते हायड्रॉलिक तेल नाही आणि ब्रेक ऑइल तर नाहीच. कारखान्याचा द्रव म्हणजे साधारण अर्धं पाणी आणि अर्धं अल्कोहोल. अल्कोहोल थंडीत पाणी गोठू नये म्हणून, आणि जोडीला लोखंड गंजू नये म्हणून थोडी रसायनं. खनिज तेल आतल्या रबराचा घात करतं. मूळ द्रव आता सहज मिळत नाही, तेव्हा अनेक मालक रेडिएटरचं चांगल्या प्रतीचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून वापरतात. नळाचं पाणी वापरू नये, विशेषतः बोअरिंगचं तर मुळीच नको. क्षार आणि गंज दोन्ही आतल्या आत आपलं काम करत राहतात.

दाब किती? मॉडेलप्रमाणे चौरस इंचाला 260 ते 290 पौंडांच्या दरम्यान. टायरमध्ये आपण जी हवा भरतो तिच्या जवळजवळ दहापट. हा आकडा डोक्यात ठेवून मगच गाडीखाली जावं. दाब सोडल्याशिवाय कोणताही जोड ढिला करायचा नाही आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. व्हॉल्व्ह मागच्या सबफ्रेमपाशी असतात, दर बाजूला एक, दिसायला टायरच्या व्हॉल्व्हसारखे. त्यांची सुई दाबली की द्रव फवाऱ्यानं उडतो आणि त्या बाजूची गाडी बघता बघता खाली बसते. त्या क्षणी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं असलेला माणूस मी पाहिला आहे. बोटं वाचली, पण पुढे तो गाडीखाली शिरताना आधी लाकडी ठोकळे शोधायचा.

द्रव सगळा गेला तरी गाडी रस्त्यात सोडून द्यावी लागत नाही. ती रबरी बंप-स्टॉपवर टेकते आणि ताशी तीस मैलांच्या आत, पक्क्या रस्त्यावरून, हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते, असं कंपनीच्या मार्गदर्शिकेतच म्हटलं होतं. चाल अर्थातच बैलगाडीला लाजवणारी. पाटा तुटलेल्या गाडीपेक्षा ही अवस्था बरी की वाईट, हे ज्यानं दोन्ही भोगलं त्यानं ठरवावं.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग उंचीवर आणि दाबावर आहे, आणि तो मी मुद्दाम मोठा केला. या दोन आकड्यांना वेगवेगळं वाचलं की चूक होते. नेहमीचा प्रकार असा: गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, मालक म्हणतो पाणी कमी झालं, कोणीतरी पंप लावून दाब वाढवतो, गाडी उभी राहते, सगळे खूश. दोन महिन्यांनी तीच गाडी पुन्हा बसते किंवा एखादा जुना होज फुटतो. वास्तविक एकाच कोपऱ्यात बसलेली गाडी पाण्यानं बसलेली नसतेच. पुढचा आणि मागचा डबा जोडलेले असल्यामुळे गळती झाली तर ती सबंध बाजू खाली येते. डावीकडची दोन्ही चाकं मडगार्डात शिरली असतील तर डाव्या बाजूची गळती शोधा. फक्त पुढचा डावा कोपरा खाली असेल तर पाण्याला सोडा आणि आर्मपाशी पाहा: डब्याचा पिस्टन ज्या सांध्यावर टेकतो तो नकल जॉइंट, त्याचा चेंडू किंवा नायलॉनची वाटी झिजली असणार. तो सांधा पुसून, ग्रीस भरून, नाहीतर नवा बसवून कोपरा परत जागेवर येतो. खर्च थोडा, मात्र खाली झोपून काम करायची तयारी हवी.

दोन्ही बाजू सारख्याच खाली आणि दाब मात्र बरोबर, असंही होतं. साठ वर्षांचं रबर बसतं. त्यात यंत्राचा दोष नाही. अशा वेळी दाब ओढूनताणून वाढवण्याऐवजी सांध्यापाशी योग्य जाडीची चकती घालून उंची मिळवावी. दाब वाढवून मिळवलेली उंची म्हणजे जुन्या होजवर टाकलेला बोजा. हे वाक्य पुस्तिकेत तीन ठिकाणी आलं आहे. मुद्रितशोधनात काढायला सांगितलं होतं, मी ठेवलं.

उंची मोजायची पद्धतही ठरलेली आहे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जागी, गाडीत माणूस किंवा सामान नसताना. मोजण्याआधी गाडी हातानं थोडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे जॅकवरून उतरवल्यावर वाकडी राहिलेली चाकं आपल्या जागी येतात. ही एवढीशी गोष्ट न केल्यामुळे अर्धा इंच फरक पडतो आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. उन्हातली आणि सावलीतली गाडी यांतही थोडा फरक येतो, कारण द्रव तापला की फुगतो. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी मोजमाप घेऊ नये.

गळतीच्या जागा थोड्याच. पहिली म्हणजे गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाणारी पोलादी नळी. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथं मागची सबफ्रेमच गंजून जाते, नळीची काय कथा! आपल्या किनारपट्टीवर मीठ रस्त्यावर टाकावं लागत नाही, ते हवेतच असतं. नळीवर काळं वंगण किंवा अंडरकोटिंग चोपडलेलं असेल तर ते खरवडून खालचा धातू पाहिल्याखेरीज ‘नळी चांगली आहे’ असं म्हणू नये. नवी नळी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची करून घ्यावी, ती गंजत नाही. दुसरी जागा डब्यातून निघणारा रबरी होज. डबा उघडता येत नाही, तो कारखान्यात दाबून बंद केलेला असतो. होज मात्र जाणकार बदलून देतात. तिसरी जागा व्हॉल्व्हची गाभ्याची सुई. टायरवाल्याकडे मिळणारी ही वस्तू सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात शेवटी तपासली जाते.

भरण्याच्या कामाला कंपनीनं विक्रेत्यांना एक खास यंत्र दिलं होतं. ते आधी यंत्रणेतली हवा खेचून निर्वात करी आणि मग द्रव दाबानं आत सोडी. हा क्रम महत्त्वाचा. नुसता द्रव ढकलला तर हवा नळीच्या उंच भागात अडकून राहते. बीएमसीची पुढे ब्रिटिश लेलँड झाली, दुकानं बंद पडत गेली, यंत्रं भंगारात गेली, आणि यंत्रं गेल्यावर हायड्रोलास्टिकची अब्रू गेली. माझ्या मते तिच्या बदनामीचं मोठं कारण हे, गळती नव्हे. आता शौकीन लोक स्वतःची साधनं जमवतात. आपल्याकडे नव्या इमारतीतली पाइपलाइन तपासायला प्लंबर जो हातपंप आणि प्रेशर गेज वापरतात, त्याच जातीचा पंप परदेशातही अनेकांनी या कामाला लावला आहे. त्याला एअर-कंडिशनर दुरुस्त करणाऱ्याचा व्हॅक्यूम पंप जोडला, मध्ये द्रव अडवणारी बाटली ठेवली आणि जोड नीट वळवून घेतले की घरगुती यंत्र तयार होतं. तपशील सातव्या प्रकरणात आहेत. जोडांच्या बाबतीत काटकसर करू नये, एवढंच इथं सांगतो.

डबे विकत घेताना किंवा अदलाबदल करताना आणखी एक पथ्य. सगळे डबे सारखे नसतात. कूपर एसचे साध्या मिनीपेक्षा कडक होते, आणि अंगावर मारलेल्या रंगीत पट्ट्यांवरून ते ओळखायचे असतात. पट्ट्या उडालेल्या असतील तर विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. डावा एका जातीचा आणि उजवा दुसऱ्या जातीचा बसला तर गाडी सरळ रस्त्यावर ठीक वाटते आणि वळणावर दगा देते.

हे सगळं वाचून वाटेल, की नाजूक प्रकरण दिसतंय. त्यावर मुंबईचाच एक दाखला देतो. 24 नोव्हेंबर 1968 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून लंडन–सिडनी मॅरेथॉन निघाली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानचे घाट, मग दिल्ली, आणि आशियातल्या टप्प्याचा शेवट मुंबईत. मुंबईहून गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. त्या गर्दीत बीएमसीच्या ऑस्टिन 1800 होत्या, हायड्रोलास्टिकवर चालणाऱ्या, मिनीच्या थोरल्या बहिणी. सिडनीला पोचल्यावर पॅडी हॉपकर्क, टोनी नॅश आणि ॲलेक पूल यांची 1800 दुसरी आली. काबूलच्या आसपासचे डोंगरी रस्ते आणि ऑस्ट्रेलियातले दगडधोंडे सोसून. पहिली आलेली अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर मागच्या बाजूला साध्या पाट्यांवर होती, हेही सांगायला हवं. नाहीतर मी मोल्टनचा वकील ठरेन.

त्याच न्यायानं मिनीपुरते यंत्रणेचे दोषही मान्य करतो. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की ओली मिनी नाक वर करते आणि रात्री तिचे दिवे समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडतात. जोरात वेग घेताना मागे बसते, ब्रेकला पुढे वाकते. त्यासाठी मागच्या आर्मवर छोट्या मदतनीस स्प्रिंगा दिल्या आहेत, पण त्यांचा जीव लहान. 1100 ला ही यंत्रणा शोभली, कारण ती गाडी तिच्याभोवती रचली होती. मिनीत ती नंतर बसवली. वजन वाढलं, खर्च वाढला, आणि हिशेब जुळेना. 1969 पासून साध्या मिनीत रबरी कोन परत आले. क्लबमन आणि कूपर एसमध्ये ओली यंत्रणा 1971 पर्यंत टिकली. व्हॅन, पिकअप आणि इस्टेट यांना ती कधी दिलीच नाही. म्हणून गाडी खरेदी करताना साल आणि मॉडेल दोन्ही पाहावं. ओल्या सालातली गाडी कोरडी निघाली तर कोणीतरी मध्ये हात मारला आहे हे नक्की.

मोल्टननं पुढे रबराच्या जागी नायट्रोजन वायू घातला आणि हायड्रागॅस केली. 1973 ची ऑस्टिन अलेग्रो, मग प्रिन्सेस, 1980 ची मेट्रो, 1995 ची एमजीएफ, सगळ्या तिच्यावर. मेट्रोत कंपनीनं पुढची-मागची चाकं जोडण्याचा खर्च वाचवला. मोल्टननं आपल्या स्वतःच्या मेट्रोत ती जोडून दाखवली, आणि 1990 च्या नव्या मेट्रोत कंपनीनं ती जोडणी घेतली. हायड्रागॅसची देखभाल या पुस्तिकेत नाही, कारण तिचा रोग निराळा: पडद्यातून वायू वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो, मग कितीही द्रव भरला तरी गाडी उंच होते पण दगडासारखी कडक राहते. मेट्रोचं उत्पादन 1997 मध्ये थांबलं. रोव्हरनं छोट्या गाडीची ती जागा 2003 मध्ये भरली ती पुण्यात बनलेल्या टाटा इंडिकानं, सिटीरोव्हर असं नाव देऊन. तिच्यात साध्या पोलादी स्प्रिंगा होत्या. पुणेकरांनी यात अभिमान मानावा की मोल्टनसाठी हळहळावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहता राहिला कोरडी करण्याचा प्रश्न. तो निर्णय मालकाचा. पण ‘चार कोन आणि चार शॉकअप घातले की झालं’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. शॉकअपचे ब्रॅकेट बसवावे लागतात, सबफ्रेम बदलाव्या किंवा सुधाराव्या लागतात, आणि शेवटी बिल पाहिल्यावर ध्यानात येतं की त्याहून कमी खर्चात नळ्या, होज आणि सांधे नवे झाले असते. शर्यतीसाठी गाडी वापरणाऱ्याला कोन सोयीचे, हे खरं. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन लोणावळ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यासाठी ओली गाडीच सुखाची, असं माझं मत आहे, आणि पुढची सगळी पानं त्या मताच्या बाजूनं झुकलेली आहेत याची वाचकानं नोंद घ्यावी.

तरीही कोणी कोरडी करायचं ठरवलंच, तर त्याला एक विनंती. काढलेले चारही डिस्प्लेसर आणि मागच्या मदतनीस स्प्रिंगा भंगारवाल्याला देऊ नका. होजची तोंडं बुचानं बंद करा, रंगीत पट्टी कोणती होती ते चिठ्ठीवर लिहून डब्याला बांधा, आणि सावलीत ठेवून द्या. कारखाना ते आता बनवत नाही, आणि ते शोधणारा कोणी ना कोणी असतोच.